आस्कोवचे शिक्षक पॉल ला कूर

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर किंवा तमिळनाडूतील मुप्पंदलच्या परिसरात उंच मनोऱ्यांवर फिरणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या दुरूनही नजरेत भरतात. वाऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या या यंत्राची वंशावळ शोधत मागे गेले, तर तिची एक मोठी शाखा युरोपातील डेन्मार्क या लहानशा देशातल्या एका खेड्यातील शाळेपर्यंत जाऊन पोचते. त्या खेड्याचे नाव आस्कोव. तेथे शेतकऱ्यांच्या मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाने शाळेच्या आवारात पवनचक्की उभारली, तिच्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि त्यातून मिळालेले ज्ञान खेड्यातील तरुणांच्या हाती दिले. या शिक्षकाचे नाव पॉल ला कूर.

ला कूर यांचा जन्म 13 एप्रिल 1846 रोजी डेन्मार्कच्या जटलंड या भागात, एबेलटॉफ्ट या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीवाडीच्या वातावरणात वाढलेल्या या मुलाला गणिताची विशेष गोडी होती. पुढे कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि हवामानशास्त्र या विषयात 1869 मध्ये पदवी मिळवली. 1872 मध्ये डेन्मार्कची राष्ट्रीय हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते तिचे उपसंचालक झाले. वारा, पाऊस, हवेचा दाब यांची मोजमापे घेणे हे त्यांचे काम होते. वाऱ्याशी त्यांचे नाते जडले ते येथे.

याच काळात तारायंत्राने त्यांचे लक्ष वेधून घेतले. त्या काळी एका तारेवरून एका वेळी एकच संदेश पाठवता येत असे. निरनिराळ्या स्वरांचे नादकाटे वापरून एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश कसे पाठवता येतील, याची युक्ती त्यांनी 1874 मध्ये शोधून काढली. पाठोपाठ त्यांनी नादकाट्याच्या कंपनांबरोबर अचूक गतीने फिरणारे एक विजेचे चक्र तयार केले. दूर अंतरावरील दोन यंत्रे एकाच लयीत चालवण्यासाठी या नादचक्राचा उपयोग होत असे. या शोधांमुळे त्यांचे नाव डेन्मार्कबाहेरही पोचले आणि लोक त्यांना डेन्मार्कचे एडिसन म्हणू लागले. परंतु त्याच सुमारास अमेरिकेत एलिशा ग्रे हे संशोधकही याच दिशेने काम करीत होते. शोधाचा मान कोणाचा, यावरून वाद उद्भवला. आपल्या कल्पनेचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडताना पाहण्याचा कटू अनुभव ला कूर यांनी तरुणपणीच घेतला.

अशा वेळी राजधानीत राहून, आणखी शोध लावून, त्यांचे हक्क मिळवून धनवान होण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. त्यांनी मात्र वेगळाच मार्ग निवडला. 1878 मध्ये ते आपल्या कुटुंबासह जटलंडमधील आस्कोव या खेड्यात गेले आणि तेथील लोकविद्यालयात गणित व विज्ञानाचे शिक्षक झाले. एका नामवंत संशोधकाने खेड्यातल्या शाळेत जावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. ती समजून घेण्यासाठी डेन्मार्कची लोकविद्यालये म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

या विद्यालयांची कल्पना ग्रुंटविग या विचारवंताची. ज्यांचे शालेय शिक्षण लवकर सुटले आहे, जे दिवसभर शेतात राबतात, अशा प्रौढ तरुण-तरुणींसाठी खेड्यातच शाळा असाव्यात, असे त्यांचे मत होते. तेथे प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागू नये आणि शेवटी परीक्षाही घेऊ नये. शेतीची कामे थांबलेली असताना काही महिने विद्यार्थ्यांनी शाळेतच राहावे. मातृभाषेतून इतिहास, साहित्य, विज्ञान शिकावे आणि अधिक जाणते होऊन आपल्या गावी परतावे. असे पहिले विद्यालय 1844 मध्ये रोडिंग या गावी सुरू झाले. 1864 च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि दक्षिणेकडील मोठा प्रदेश त्याच्या हातून गेला. रोडिंग परक्या राज्यात गेले. तेव्हा तेथील शिक्षक नव्या सरहद्दीच्या अलीकडे आले आणि त्यांनी 1865 मध्ये आस्कोव येथे नवे विद्यालय उघडले. लुडविग श्रोडर हे त्याचे प्रमुख होते. जमीन गमावलेल्या देशाने माणसांच्या बुद्धीची मशागत करून स्वतःला सावरावे, ही भावना या विद्यालयामागे होती.

लोकविद्यालयांत इतिहास आणि साहित्य यांना मानाचे स्थान होते. गणित आणि विज्ञान मात्र रूक्ष विषय मानले जात. ला कूर यांनी हा समज खोटा ठरवला. सूत्रे पाठ करून घेण्याऐवजी ती माणसाला कोणत्या गरजेतून आणि कशी सुचली, हे ते सांगत. शेताची मोजणी करणारा प्राचीन शेतकरी, आकाशातील ग्रहांच्या गती टिपणारा ज्योतिषी, पडणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करणारे गॅलिलिओ असे एकेक जण त्यांच्या वर्गात जणू पुन्हा प्रश्न विचारू लागत. विद्यार्थीही त्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता नियमापर्यंत पोचत. या पद्धतीवर आधारलेले गणिताच्या इतिहासाचे पुस्तक त्यांनी लिहिले. पुढे त्यांचे सहशिक्षक याकोब आपेल यांच्याबरोबर त्यांनी भौतिकशास्त्राच्या इतिहासाचा ग्रंथही सिद्ध केला.

परंतु वर्गात बसलेल्या मुलांच्या आयुष्यापुढे एक मोठा प्रश्न उभा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांत कारखाने वाढत होते, विजेचे दिवे लागत होते. खेड्यांत मात्र रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याखाली हातांनीच सारी कामे होत. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे युरोपातील धान्याचे भाव कोसळले होते. कष्टाला मोल मिळेना, तेव्हा तरुण माणसे खेडी सोडून शहरांकडे जाऊ लागली. काही तर समुद्र ओलांडून परदेशी गेली. खेड्यात यंत्रे आणावीत, तर ती चालवायला शक्ती हवी. डेन्मार्कच्या भूमीत दगडी कोळशाच्या खाणी नव्हत्या. उंच डोंगरांवरून कोसळणाऱ्या नद्याही नव्हत्या. मग खेड्याला शक्ती मिळावी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर ला कूर यांना आस्कोवच्या सपाट माळावरून वाहणाऱ्या वाऱ्यात दिसले. वारा सर्वांना सारखाच मिळतो आणि त्यासाठी कोणाला दाम मोजावे लागत नाहीत. धान्य दळणाऱ्या पवनचक्क्या तर डेन्मार्कमध्ये शेकडो वर्षांपासून होत्या. त्यांच्याकडून वीज निर्माण करून घेता आली, तर प्रत्येक खेडे आपली वीज आपणच तयार करू शकेल, असा विचार त्यांनी केला. वाऱ्यापासून वीज मिळवण्याचे प्रयत्न स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी 1887 मध्ये आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी 1888 मध्ये केले होते. परंतु ते त्यांच्या स्वतःच्या घरापुरते होते. ला कूर यांच्यापुढे सारा ग्रामीण समाज होता.

त्यांनी सरकारकडे मदत मागितली. ती मंजूर झाली आणि 1891 मध्ये आस्कोवच्या विद्यालयाजवळ पहिली प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. मात्र पवनचक्की उभी राहिली म्हणून काम संपले नाही. खरे तर तेथून ते सुरू झाले. वाऱ्याचे दोन दोष होते. पहिला दोष म्हणजे त्याचा लहरीपणा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याच्यातील शक्ती आठपट होते. त्यामुळे चक्की कधी रेंगाळे, तर कधी बेफाम फिरे. तिला जोडलेल्या डायनॅमोला अशी अनियमित गती चालत नाही. दुसरा दोष असा की, दिव्यांची गरज असते त्या वेळी वारा वाहतोच असे नाही. तेव्हा वाऱ्याच्या दिवसांतील शक्ती साठवून ठेवणे भाग होते.

पहिल्या अडचणीवर ला कूर यांनी साधा पण अत्यंत कल्पक उपाय शोधला. चक्की आणि डायनॅमो यांच्या दरम्यान त्यांनी पट्टा, कप्प्या आणि वजन यांची एक रचना बसवली. वाऱ्याचा झोत वाढून चक्कीचा जोर ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की पट्टा घसरे आणि डायनॅमोपर्यंत ठरावीक तेवढेच बल पोचे. या रचनेत नाजूक असे काही नव्हते. खेड्यातल्या लोहाराला आणि सुताराला ती पाहून समजेल, बिघडल्यास दुरुस्तही करता येईल, अशी ती होती.

दुसरी अडचण अधिक बिकट ठरली. त्या काळी वीज साठवणारे घट महाग होते. ला कूर यांनी निराळा मार्ग पत्करला. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला, की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंमध्ये विघटन होते. हे वायू मोठ्या टाक्यांमध्ये साठवता येतात आणि नंतर जाळून त्यांच्यापासून प्रकाश मिळवता येतो. या कामी त्यांनी इटलीतील पोम्पेओ गारुती या संशोधकांच्या पद्धतीचा उपयोग केला. 1895 पासून 1902 पर्यंत आस्कोवच्या विद्यालयातील खोल्या अशा वाऱ्याने मिळवलेल्या वायूच्या दिव्यांनी उजळत राहिल्या. ज्या वाऱ्याने दिवसा अंगणातील झाडे हलवली, त्याच वाऱ्याच्या प्रकाशात रात्री विद्यार्थी वाचीत बसले, असे म्हणायला हरकत नाही.

हे यश निर्वेध नव्हते. हायड्रोजनच्या टाकीत थोडासा जरी ऑक्सिजन शिरला, तरी स्फोटाचा धोका असतो. असे स्फोट झाले आणि विद्यालयाच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने एकापेक्षा अधिक वेळा बदलावी लागली. शिवाय दिवे लावता आले, तरी या वायूवर खात्रीने चालेल असे इंजिन तयार करणे ला कूर यांना साधले नाही. आणि इंजिनाशिवाय खेड्यातील कामे यंत्रावर नेता येत नव्हती. अनेक वर्षे जपलेली कल्पना अपुरी ठरत आहे, हे मान्य करणे सोपे नसते. ला कूर यांनी ते मान्य केले. दरम्यानच्या काळात विद्युतघट सुधारले होते. त्यांनी वायूची पद्धत बाजूला ठेवली आणि घटांचा स्वीकार केला. प्रयोगाने दिलेला नकारसुद्धा उत्तरच असतो, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा या घटनेतून अधिक चांगले कळले असेल.

साठवणुकीचे प्रयोग चालू असतानाच त्यांनी पवनचक्कीच्या पात्यांकडे लक्ष वळवले. पात्यांचा आकार, त्यांची संख्या आणि त्यांचा कल कसा असावा, हे तोवर कारागिरांच्या परंपरेने ठरत असे. ला कूर यांनी 1896 पासून या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला. पंख्याच्या साहाय्याने एका बोगद्यातून हवेचा झोत सोडायचा, त्यापुढे लहान आकाराची पाती धरायची आणि त्यांच्यावर पडणारे बल मोजायचे, अशी ही पद्धत होती. विमानाचा शोध लागण्यापूर्वीचे हे प्रयोग आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकेतील ब्रश यांच्या चक्कीला तब्बल 144 पाती होती. पाती जितकी जास्त तितकी शक्ती जास्त, असे पाहणाऱ्याला सहज वाटे. विजेसाठी मात्र वेगाने फिरणारी थोडीच पाती अधिक उपयोगी ठरतात, असे ला कूर यांच्या मोजमापांनी दाखवले. 1897 मध्ये आस्कोवला अधिक मोठी, चार पात्यांची चक्की उभी राहिली. या सर्व प्रयोगांची हकिकत आणि निष्कर्ष त्यांनी 1900 आणि 1903 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्याला हवे त्याने वाचावे आणि चक्की बांधावी, असा त्यामागील उदार हेतू होता. तरुणपणी शोधाच्या हक्कावरून झालेला वाद अनुभवलेल्या माणसाने हे केले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1902 मध्ये आस्कोवची चक्की गावाला वीज पुरवू लागली. वारा असताना चक्की डायनॅमो फिरवी, उरलेली वीज घटांत साठे आणि वारा फार दिवस पडलाच तर मदतीला तेलावर चालणारे एक इंजिन असे. हा नमुना इतर गावांनाही अनुकरण करण्याजोगा होता. पण एक नवीच उणीव पुढे आली. गावोगावी चक्क्या उभारायच्या, तर त्या बसवणारी, तारा ओढणारी, घटांची निगा राखणारी माणसे हवीत. शहरातील अभियंता खेड्यात येऊन राहणार नव्हता. आणि आला, तरी त्याचे वेतन गावाला परवडणारे नव्हते.

तेव्हा ला कूर यांनी 1903 मध्ये खेड्यांना वाऱ्याच्या विजेसाठी साहाय्य करणारी एक संस्था स्थापन केली आणि 1904 मध्ये आस्कोव येथे ग्रामीण विद्युत कारागिरांचे शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी या विषयाला वाहिलेले एक नियतकालिकही निघाले. खेड्यातील साधे शिकलेले तरुण या वर्गात येत. येथे पुस्तक आणि हत्यार यांची फारकत नव्हती. विद्युतप्रवाहाचा नियम शिकायचा आणि घरात तारा बसवताना तो पडताळून पाहायचा; डायनॅमोची रचना फळ्यावर समजून घ्यायची आणि मग प्रत्यक्ष डायनॅमो हाताळायचा. घटातील आम्ल कसे हाताळावे, वारा पडल्यावर घटांतील वीज उलटी डायनॅमोकडे वाहू नये म्हणून काय करावे, वादळात चक्की कशी थांबवावी, या गोष्टी चालत्या चक्कीपाशीच नीट उमगतात. ज्या यंत्रावर शिक्षक स्वतः प्रयोग करीत होते, ज्याच्या चुका त्यांनी स्वतः सोसल्या होत्या, तेच यंत्र विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक झाले.

पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा होता. आस्कोवला तो वाऱ्याची वीज शिकला आणि विद्युत कारागीर म्हणून आपल्या वाटेने गेला. पुढे तो काय करणार आहे, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. ला कूर यांना तर ते कधीच कळले नाही. 24 एप्रिल 1908 रोजी आस्कोव येथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय 62 वर्षांचे होते.

त्यांनी पेरलेले बी मात्र रुजले होते. 1918 च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे 120 स्थानिक वीजकेंद्रांत पवनचक्क्या होत्या आणि देशाच्या विजेतील सुमारे 3 टक्के वाटा त्यांचा होता. पहिल्या महायुद्धात तेल आणि कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हा या चक्क्यांनी खेड्यांना आधार दिला. त्यानंतर मोठ्या वीजकेंद्रांची स्वस्त वीज लांबून तारांमधून येऊ लागली. लहान चक्क्या एकामागून एक थांबल्या. ला कूर यांचे काम इतिहासजमा झाले, असेच कोणालाही वाटले असते.

पण त्यांचा विद्यार्थी आपला पाठ विसरला नव्हता. योहानेस यूल पुढे एका वीजकंपनीत अभियंता झाले. साठी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा वाऱ्याचा विषय हाती घेतला आणि आपल्या गुरूंप्रमाणेच लहान प्रयोगांपासून सुरुवात केली. 1957 मध्ये डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेड्सर येथे त्यांनी तीन पात्यांची, 200 किलोवॉट क्षमतेची पवनचक्की उभारली. ती थेट देशाच्या वीजजाळ्याला जोडलेली होती. त्यामुळे घटांची गरज उरली नाही. वादळात वेग वाढला, तर पात्यांची टोके आपोआप वळून तिला आवर घालीत. 1967 पर्यंत ही चक्की फारशा दुरुस्तीवाचून चालली. 1973 मध्ये तेलाचे संकट ओढवले, तेव्हा जगाला पुन्हा वाऱ्याची आठवण झाली. बंद पडलेल्या गेड्सरच्या चक्कीचा नव्याने अभ्यास करण्यात आला आणि तिच्या रचनेच्या आधारे डेन्मार्कमध्ये आधुनिक पवनचक्क्यांचा उद्योग वाढीस लागला. आज त्या देशाची जवळजवळ निम्मी वीज वाऱ्यापासून मिळते. तीन पात्यांची ती रचना जगभर पसरली. वनकुसवडे आणि मुप्पंदल येथे दिसणाऱ्या चक्क्याही याच कुळातल्या आहेत.

ला कूर यांनी नाइलाजाने बाजूला ठेवलेली कल्पनाही वाया गेली नाही. वाऱ्याच्या आणि सूर्याच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवण्याचे प्रयत्न आता अनेक देशांत चालू आहेत. भारत सरकारनेही 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली. डेन्मार्कच्या लोकविद्यालयांची दखलही आपल्या देशात घेतली गेली. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांचा विचार मांडताना या विद्यालयांचा आदर्श समोर ठेवला होता.

ला कूर यांना कोणी संशोधक म्हणतात, कोणी पवनऊर्जेचे प्रवर्तक म्हणतात. त्यांनी स्वतः आयुष्याची तीस वर्षे शिक्षकाच्या कामाला दिली. ज्याच्याकडे पदवी नाही, ज्याची शाळा लवकर सुटली आहे, असा तरुणही यंत्र समजून घेऊ शकतो, चालवू शकतो आणि सुधारू शकतो, यावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासापोटी त्यांनी आपली प्रयोगशाळा वर्गाच्या दारातच उभारली. अर्धशतकानंतर गेड्सरच्या किनाऱ्यावर एका वृद्ध विद्यार्थ्याची पवनचक्की फिरू लागली, तेव्हा तो विश्वास सार्थ ठरला.